नान्नाची ओंबी

भूमध्य समुद्रातल्या माल्टा देशात मी लेस शिकायला गेले, तर पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या नान्नानं माझ्या हातातली क्रोशाची सुई काढून घेतली आणि कपाटावर ठेवून दिली. रागानं नव्हे, घरी आलेल्या पाहुण्याच्या हातातली पिशवी घ्यावी तशी. ‘इथं ही लागत नाही,’ एवढंच म्हणाली. सुई मी मुद्दाम उरणहून नेली होती. आयुष्यभर रुमाल, तोरणं, ताटावरची झाकणं, आधी रेडिओची आणि मग टीव्हीची आवरणं विणून झाल्यावर लेस म्हणजे आपल्याला अर्धी येतेच, अशी माझी समजूत. त्या समजुतीतली हवा काढायला नान्नाला दोन मिनिटं लागली.

तिनं माझ्या मांडीवर एक लांबुळका, कडक लोड ठेवला. एक टोक मांडीवर, दुसरं समोरच्या खुर्चीच्या पाठीला टेकवलेलं. आत ठासून भरलेला पेंढा, वरून कागद आणि कापड. याला म्हणायचं त्रायबू. मला तर पखवाज घेऊन बसल्यासारखं वाटलं. लोडावर भोकं पाडलेला पुठ्ठा टाचलेला, त्या भोकांतून टाचण्या उभ्या आणि टाचण्यांवरून खाली लोंबणाऱ्या लाकडी कांड्या. प्रत्येकीवर धागा गुंडाळलेला. या कांड्या म्हणजे चोम्बिनी. लेसचं नाव बित्सिल्ला. ना सुई, ना हूक, ना गाठ. चार कांड्या हातात घ्यायच्या, मधल्या दोन एकमेकींवरून न्यायच्या, मग कडेच्या जोड्यांना पीळ द्यायचा. फुली आणि पीळ, बास. साऱ्या बित्सिल्लाला एवढ्या दोनच हालचाली पुरतात. शिकायला एक दुपार लागते म्हणे. मला तीन गुरुवार लागले.

मी माल्टात होते कारण लेक तिथं नोकरीला. जावई इथं पुण्यात, लेक तिथं, आणि मी निवृत्त, मोकळी. व्हिसा नव्वद दिवसांचा. पहिल्या खेपेला जूनमध्ये गेले ती ऑगस्टअखेर परतले. दुसऱ्यांदा गेले ती नोव्हेंबर ते जानेवारी. लेक मेल्लिहा या गावात राहते. तिथून बसनं चिरकेवाच्या धक्क्यावर गेलं की गोझो या शेजारच्या बेटावर जाणारी फेरीबोट मिळते. पंचवीस मिनिटांत पलीकडे. देश म्हणाल तर सगळा मिळून ३१६ चौरस किलोमीटर, त्यातलं गोझो सदुसष्ट. आपला एखादा लहानसा तालुकासुद्धा याहून मोठा निघेल. लेक सकाळी ऑफिसला गेली की मागे फ्लॅटमध्ये मी, आणि खिडकीबाहेर नव्या इमारतीचं काम करणारी क्रेन. दुसऱ्या आठवड्यात मी क्रेनशी मराठीत बोलायला लागले तेव्हा लेकच म्हणाली, ‘आई, गोझोला लेस शिकवतात. जा.’

गोझोला तिथली माणसं गोझो म्हणत नाहीत, ‘आवदेश’ म्हणतात. फेरीच्या पाटीवर वेगळं लिहिलेलं, बसमधली बाई वेगळं म्हणतेय, आणि मला उगाच ‘अवघा देश’ असं ऐकू यायचं. पण खरी गंमत पुढं होती. नान्ना शेजारणीशी बोलत असली की मधूनच एखादा शब्द ओळखीचा निघायचा. दुनियेला ‘दिन्या’. साबणाला ‘सापून’. जमान्याला ‘झ्मीन’, म्हणजे काळ. ‘सेना’ म्हणजे वर्ष, आपण इसवी सन म्हणतो त्यातलं सन. मेलेला तो ‘मेय्यत’; आपल्याकडे मयताला जातात ते मयत. गोड ते ‘हेलू’, आणि त्याच घराण्यातला आपला हलवा. दाराला ‘बीब’ म्हणतात. मूळ अरबी शब्द बाब, म्हणजे दार; ग्रंथाच्या प्रकरणालाही बाबच म्हणत. तोच फिरत फिरत आपल्याकडे येऊन ‘ही बाब गंभीर आहे’ मध्ये बसला. हजारेक वर्षांपूर्वी अरब राज्य करून गेले, भाषा मागं राहिली. तिच्यात नंतर सिसिली आणि इटलीची भर पडली, आणि आज ती रोमन लिपीत लिहितात. आपल्याकडे हेच शब्द फारसीच्या पालखीतून आले. कट्टर कॅथलिक माणसं चर्चमध्ये देवाला ‘अल्ला’ म्हणतात आणि ईस्टरआधीच्या उपवासाला ‘रन्दान’, हे ऐकून मी नान्नाकडे बघतच राहिले. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. देवाला दुसरं काय म्हणणार?

नान्ना म्हणजे आजी. तिचं खरं नाव सांगण्याचं कारण नाही. वर्गातल्या सगळ्या जणी तिला नान्नाच म्हणत. वय ऐंशीच्या पुढं. इंग्रजी मोजकं, पण आवाज खणखणीत. वर्ग चर्चजवळच्या एका खोलीत दर गुरुवारी भरायचा. आम्ही आठ जणी: चार गोझोच्या, दोन निवृत्त इंग्रज, एक शाळकरी मुलगी आणि मी. वर्गात कोणी फारसं बोलायचं नाही. आवाज फक्त कांड्यांचा. लाकडावर लाकूड हलकं आपटल्याचा तो टकटक आवाज आठ लोडांवरून एकदम यायला लागला की कौलांवर पावसाचे पहिले थेंब पडल्यासारखं वाटायचं.

त्या लेसची ओळख म्हणजे तिच्यातली पानं. आठ टोकांचा क्रूस असतो, तो सगळ्यांना दिसतो. पण क्रूसाभोवती गव्हाच्या दाण्याएवढी भरीव पानं असतात, मी त्यांना ओंबी म्हणायला लागले. एका पानाला चार धागे. तीन उभे ताणलेले, चौथा त्यांच्यातून वरखाली जात विणत राहतो. मधे पोट फुगायला हवं आणि दोन्ही टोकं निमुळती. ते कसं साधायचं, तर चौथ्या धाग्याची कांडी पानाचं शेवटचं टोक बंद होईपर्यंत हातातून सोडायची नाही. फोन वाजो, दारावर कोणी येवो. सोडली की कांडीच्या वजनानं धागा ओढला जातो आणि एवढा वेळ जपलेलं पोट क्षणात आत जातं. पानाची दोरी होते. माझी पहिली ओंबी अशी आक्रसली, दुसरीही. तिसऱ्या वेळी मी कांडी धरूनच ठेवली, पण दातओठ खाऊन ओढली, म्हणून तीही. नान्ना माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून म्हणाली, ‘धरायची. ओढायची नाही.’ हे वाक्य ती दिवसातून दहादा म्हणायची, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ फक्त कांडी धरायची, ओढायची नाही, एवढाच असायचा.

ही लेस त्यांची स्वतःची का, असं विचारलं तर उत्तर सरळ येत नाही. बेटावर लेस पूर्वीही होत असे. पण आज दिसते तिची घडी बसली ती १८३३ नंतर, लेडी हॅमिल्टन चिचेस्टर नावाच्या बाईंनी जिनोआहून कसब आणवलं तेव्हा. त्यामागं गरिबी होती. त्याआधीची कित्येक शतकं माल्टा कापसावर जगला. घरोघरी चरखा, आणि कातलेलं सूत बोटींनी स्पेनला, बार्सिलोनाकडे. एकोणिसाव्या शतकात दुसरीकडचा कापूस बाजारात आला आणि हा धंदा बसला. कातणाऱ्या बायकांच्या हातांना काम उरलं नाही. त्या रिकाम्या हातांत लेस आली. आणि तिचं रेशीम, मधाच्या रंगाचं, आलं स्पेनहून. म्हणजे जिकडं सूत जायचं तिकडूनच रेशमाचा धागा यायला लागला. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ही लेस मांडलेली होती. व्हिक्टोरिया राणीनंही आठ डझन जोड लांब आणि आठ डझन जोड आखूड बिनबोटांचे हातमोजे मागवले, शिवाय एक स्कार्फ. मी हिशेब केला, एकशे ब्याण्णव जोड. राणीला इतके हातमोजे कशाला लागत होते देव जाणे. पण ते करणाऱ्यांना प्रत्येक ओंबीपाशी कांडी धरूनच ठेवावी लागली असणार, राणीची असली तरी.

या बायकांना मिळायचे ते पैसे थोडे. दलाल मधे असायचा. नान्नाची आई दिवसा शेतात आणि रात्री त्रायबूवर. दिव्याचं तेल वाचवायला दोनतीन घरच्या जणी एका घरी जमायच्या, रोझरी म्हणत कांड्या चालवायच्या. नान्ना पाच वर्षांची असताना तिला पहिल्या कांड्या मिळाल्या. हौस म्हणून नव्हे. त्या घरात पाच वर्षांचं माणूस रिकामं बसत नसे. ‘आता लोक याला कला म्हणतात,’ ती म्हणाली आणि हसली.

याच सुमारास मी एक मूर्खपणा केला. राजधानी व्हॅलेटातल्या एका दुकानातून, नाव सांगत नाही, ‘अस्सल माल्टीज लेस’ अशी चिठ्ठी लावलेला टेबलावरचा पट्टा घेतला. बावीस युरो. क्रूस होता, ओंब्या होत्या. मोठ्या उत्साहानं नान्नाला दाखवला. तिनं तो उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला, नखानं एक ओंबी खरवडली. कडेला कापलेल्या धाग्यांची बारीक कुसळं होती. प्रत्येक ओंबी दुसरीसारखी हुबेहूब, सगळ्या चपट्या. ‘मशीन,’ म्हणाली. पट्टा नीट घडी घालून मला परत दिला आणि वर, ‘टेबलावर चांगला दिसेल,’ असंही म्हणाली. मला तो राग आला की बोलायची सोय नाही. दुकानदाराचा नव्हे, स्वतःचा. तीन आठवडे ओंबी शिकत होते आणि विकत घेताना नजर फक्त किमतीवर होती. हातानं केलेल्या तेवढ्याच पट्ट्याची वर्गातल्या एका बाईनं मला सांगितलेली किंमत याच्या कितीतरी पट होती. तेव्हा तो मला महाग वाटला होता.

मी मिठागरातली मुलगी. म्हणजे माझे वडील उरणच्या एका मिठागरावर हिशेब बघायचे. सुटीत आम्ही बांधावरून पळायचो. म्हणून श्वेयनीच्या मिठागरांचं ऐकल्यावर एका गुरुवारी वर्ग बुडवून तिकडं गेले. गोझोच्या उत्तर किनाऱ्याला, मार्साल्फोर्नच्या पुढं, कड्याखालचा सगळा खडक चौकोनी वाफ्यांनी कोरलेला आहे. वरून पाहिलं तर दगडातच कोणी आखीव वही काढून ठेवल्यासारखी. आपल्याकडे मिठागर म्हणजे खाजणातली माती. पायांनी तुडवून तुडवून वाफ्याचा तळ घट्ट करतात, बांध घालतात, पावसाळ्यात सगळं जातं आणि दरवर्षी नव्यानं करावं लागतं. तिथं खडकच वाफा. बापजाद्यांनी एकदा कोरला की पिढ्यान्‌पिढ्या तोच. तिथली कित्येक मिठागरं साडेतीनशे वर्षांची म्हणून सांगतात.

वसंतात वाफे धुऊन काढतात, मोठ्या कुंडात समुद्राचं पाणी साठवतात, ते आटून दाट झालं की लहान वाफ्यांत सोडतात. उन्हाळ्यात आठवड्याभरात मीठ धरतं. एक म्हातारा आणि त्याची सून झाडूनं मीठ लोटत होती. झाडूनं! मी उभी राहून बघत राहिले. ओढलेल्या मिठाची रास घालायची, पाणी निथळू द्यायचं, मग खडकात कोरलेल्या खोलीत साठवायचं. म्हाताऱ्यानं मला चिमूटभर तळहातावर दिलं. मी ते जिभेवर ठेवलं आणि काय करतेय ते कळायच्या आत बोटांत चुरून पाहिलं. वडील असेच करायचे, दाणा हातात फुटतो कसा ते बघायला. म्हातारा माझ्या बोटांकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, ‘तुमच्याकडे पाऊस कधी येतो?’ दुसरं काहीही विचारलं नाही. मिठागराच्या माणसाला दुसऱ्या मिठागराच्या माणसाला विचारायचा प्रश्न तोच असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी म्हटलं. त्यानं मान हलवली. त्याला ऑगस्टमधल्या वादळाची भीती. एक सर आली की वाफ्यातलं सगळं पुन्हा समुद्र.

दगड, मीठ आणि पेंढा. बेटाच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा कारागिरीच्या गोष्टी मला एवढ्याच सापडल्या. बाकी सगळं बोटीतून उतरलेलं. चांदी बाहेरची, तिच्या केसाएवढ्या तारा पिळून, वळवून, डाक देऊन फिलिग्रीचे क्रूस आणि कानातली करतात. काचेची परंपरा म्हणून पर्यटकांना जी दाखवतात ती १९६८ ची, मायकेल हॅरिस आणि एरिक डॉब्सन या दोन इंग्रजांनी ता’आली इथं भट्टी पेटवली तेव्हापासूनची. ता’आली म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ. युद्धानंतर उरलेल्या अर्धगोल पत्र्याच्या शेडांत कारागीर आले आणि त्याचंच कलाग्राम झालं. मला काचेचं फार कौतुक वाटलं नाही. निळाहिरवा समुद्र फुलदाणीत ओतल्यासारखे रंग आहेत, सुरेख आहेत, पण चार दुकानं फिरल्यावर डोळे थकतात.

दगडाचं मात्र कौतुक संपेना. तिथला पिवळसर चुनखडी दगड, त्याला फ्रांका म्हणतात, खाणीतून निघताना इतका मऊ असतो की करवतीनं कापता येतो. मग हवा लागली की कडक होतो. सगळी घरं त्याचीच. संध्याकाळी सूर्य कलला की अख्खी गल्ली साजूक तुपाच्या रंगाची होते. व्हॅलेटा हे शहर १५६६ मध्ये सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, तुर्कांच्या वेढ्यानंतर वसवायला घेतलं, तेव्हा प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याची टाकी खणायचा दंडक घातला. बेटावर नदी नाही. तळघरात टाकी, वर घर, आणि तळातून निघालेला दगड भिंतीला. गोझोतली जगंतिया मंदिरं याच बेटाच्या दगडाची, इसवी सनापूर्वी ३६०० च्या आसपासची, म्हणजे पिरॅमिडांच्याही आधीची. ती एका राक्षसिणीनं बांधली असं गोझोतले लोक सांगतात. पावट्यासारखे दाणे खात, कडेवर पोर घेऊन, तिनं हे धोंडे वाहिले. आपल्याकडे कुठलंही जुनं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं. त्यांची बांधणारी मात्र बाई, आणि तिला पोर सांभाळायलाही दुसरं कोणी नाही. नान्नाच्या आईची आठवण झाली.

हाच दगड आता नव्या इमारतींसाठी जुनी घरं पाडताना ढिगानं बाहेर पडतो. आमच्या खिडकीसमोरच्या जागेवर पूर्वी एक जुनं घर होतं, लाकडी बंद सज्जाचं, गल्लारिया म्हणतात त्याला. लेकीनं त्याचा फोटो काढून ठेवला होता. हिरवा सज्जा, खाली पितळी कडी. मी गेले तेव्हा तिथं खड्डा होता.

मार्साश्लोकला लेक मला एका रविवारी मासळीबाजार दाखवायला घेऊन गेली. मला मासळी बघून दोन गोष्टी वाटल्या: भाव जास्त, आणि कोळीण बाई कमी. पण बंदरात लुत्सू उभ्या होत्या. पिवळ्या, निळ्या, लाल, हिरव्या पट्ट्यांच्या नावा, आणि नाळेच्या दोन्ही बाजूंना डोळे. कोरलेले, रंगवलेले, भुवईसकट. फिनिशियन लोकांच्या काळापासून हे डोळे आहेत असं सांगतात. नाळेवरच्या एका पट्ट्याला ते लोक मिशी म्हणतात. एका नावेची मिशी काळी होती. जाळं शिवत बसलेल्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, घरात कोणी गेलं की मिशी काळी रंगवतात. त्यानं जाळ्यावरून मान वर केली नाही. ती नाव त्याचीच असावी.

ऑगस्टच्या मध्यापासून हे लोक लंपूकी नावाच्या माशामागं जातात. मासा सावली शोधतो, म्हणून ताडामाडासारख्या झाडांच्या झावळ्या तोडून त्यांचे तराफे समुद्रात सोडतात, दगड बांधून नांगरतात, आणि खाली सावलीला जमलेले मासे जाळ्यात घेतात. झावळ्यांवर झावळी रचून त्या बांधतानाचे हात पाहिले तेव्हा आमच्या गल्लीतल्या लग्नाचा मांडव आठवला. युरोपीय संघात २००४ साली गेल्यानंतर मासेमारी आवरायला म्हणून नावा मोडीत काढायचे पैसे मिळायला लागले. त्यात काही जुन्या लुत्सूही गेल्या. डोळ्यासकट.

बाहेरून येऊन बेटावर काय काय राहिलं याची यादी करायची तर आपलीही नोंद त्यात आहे, जराशी. १८७८ मध्ये रशियाशी बिनसलं तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे सात हजार फौज माल्टाला आणली. मुंबईहून आगबोटींनी गेली ती, आणि तिच्यात मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. काही आठवडे उन्हात तंबू ठोकून राहिले आणि सायप्रसकडे गेले. त्यात कोणी साताऱ्याचा, कोणी रत्नागिरीचा असणार असं मला उगाच वाटत राहिलं; तो आवदेशला गेला असेल का, दारात बसलेल्या एखाद्या बाईच्या कांड्यांची टकटक त्यानं ऐकली असेल का. त्यानंतर दहा वर्षांच्या आत सिंधी व्यापारी आले ते मात्र टिकले. आज गोझोची म्हातारी पडद्याचं कापड सिंध्याच्या दुकानातून आणते आणि दुकानदार तिच्याशी अस्खलित माल्टीजमध्ये घासाघीस करतो.

दुसऱ्या खेपेला मी हिवाळ्यात पोचले. समुद्र खवळलेला, फेरी दोनदा रद्द झाली. नान्नाच्या घरी ख्रिसमसची तयारी चालू होती. पेटीतून मातीच्या बाहुल्या निघाल्या, गोठ्याचा देखावा मांडला गेला. मग ती म्हणाली, ‘चल, जुलबीना दाखवते.’ जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात बशा ठेवलेल्या. ओल्या कापसावर पेरलेले दाणे, आणि त्यांतून आलेले पांढरेशुभ्र, वितीएवढे, केसांसारखे कोंब. उजेड लागू दिला नाही म्हणून हिरवे झाले नव्हते. मी तोंडावर हात ठेवला. आमच्या देवघरात घटाभोवती नऊ दिवस असेच कोंब वाढतात, पिवळट, दसऱ्याला आम्ही ते टोपीत खोवतो, केसांत माळतो. मी तिला हे सगळं सांगायला लागले, शब्द अपुरे पडले, मग फोनवर घटाचा फोटो दाखवला. नान्नानं फोन जवळ धरून बराच वेळ पाहिला. ‘पाणी जास्त झालंय,’ म्हणाली.

खरंच झालं होतं त्या वर्षी.

त्याच पेटीत तिच्या आत्याचा एक काचेचा घुमट होता. आत फुलं: बारीक तारेच्या वेटोळ्यांवर रेशीम गुंडाळून, मणी ओवून केलेली. गनुतेल म्हणतात त्याला. पूर्वी मठांतल्या जोगिणी देवापुढं ठेवायला करत. ताजी फुलं उन्हात टिकत नाहीत म्हणून. मधल्या काळात ते करणारं जवळजवळ कोणी उरलं नव्हतं, आता पुन्हा काही जणी शिकतात. त्या घुमटावर धूळ होती, पण एकाही पाकळीचा रंग उडालेला नव्हता. भिंतीवर सोनेरी चौकटीचं लाकडी घड्याळ, ‘ताल-लिरा’, म्हणजे एका लिऱ्याचं. पूर्वी तेवढ्याला मिळायचं म्हणून ते नाव. लिरा २००८ साली गेला, युरो आला, घड्याळाचं नाव तेच. ते बंद होतं. चालू कधी होतं ते नान्नालाही आठवत नव्हतं.

जानेवारीतल्या शेवटच्या गुरुवारी माझा पट्टा मोजला. दोन खेपांचे मिळून साडेअकरा सेंटिमीटर. त्यात आठ ओंब्या, पैकी तीन ओंब्या म्हणाव्यात अशा. नान्नानं एक जुनी पितळी बिस्किटांची डबी काढली आणि आईच्या कांड्यांतल्या सहा जोड्या माझ्या पदरात टाकल्या. मी नको म्हटलं. तीनदा नको म्हटलं, आपल्या पद्धतीनं. ती मला समजावत बसली नाही. डबीचं झाकण लावलं आणि पिशवीत ठेवून दिली. मग कपाटावरून माझी क्रोशाची सुई काढली, पहिल्या दिवसापासून तिथंच होती, आणि तीही पिशवीत टाकली.

विमानतळावर तपासणीला डबी उघडायला लावली. वर्दीतला तरुण मुलगा कांड्या बघून थांबला. ‘चोम्बिनी,’ तो सोबत्याला म्हणाला, आणि मला जाऊ दिलं.

त्रायबू मात्र आणता येण्यासारखं नव्हतं. उरणला आल्यावर भावाच्या शेतातून भाताचा पेंढा आणला, जुन्या चादरीची पिशवी शिवली आणि लाटण्यानं ठासून ठासून भरली. पहिल्यांदा ढिली झाली. उसवून पुन्हा भरली. आता संध्याकाळी ओटीवर बसते, एक टोक मांडीवर, दुसरं खांबाला. शेजारच्या वहिनी येता-जाता विचारतात, ‘काय, आज भजन?’ रेशीम संपलं म्हणून पेठेतून पांढरा सुती धागा आणलाय. तो रेशमासारखा घसरत नाही, त्यामुळे पानाचं पोट धरायला बरा पडतो, असं माझं मत. नान्नाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिनं धागा बघून नाक मुरडलं.

काल अकराव्या ओंबीचं टोक बंद करत होते, कांडी हातात, आणि आत कुकरची तिसरी शिट्टी झाली. उठले नाही. भात लागला.